घशातला बोळा

मी मोठी जाऊ. माझा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे, आणि माझी धाकटी जाऊ जाई तर मुळीच नाही. त्यातच तिचा जीव गेला. हे आता मी कुणाला सांगू?

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लालबागला गोळीबार झाला, त्यात तिचा रघू गेला. एकुलता एक, अठराचा. दुपारी त्याची मयत परळला आमच्या चाळीत आणली तेव्हा जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणूसच माणूस. खाली पोलीस उभे. चाळ कमिटीचा जगदीश मला बाजूला घेऊन म्हणाला, "राधाकाकी, आपला रघू हुतात्मा झालाय. त्याच्या आईनं पोलिसांसमोर रडायचं नाय. चाळीच्या इज्जतीचा सवाल आहे."

मला लगेच पटलं. मेली इज्जत! जाईनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तशी मी तिच्याच पदराचा बोळा केला नि तिच्या तोंडात कोंबला. दंडाला चिमटा काढून म्हटलं, "लोक जाऊंदेत. मग रड हवं तेवढं." तिनं मान हलवली. गुणाची गो माझी बाय.

लोक कुठले जातायत? तेराव्यापर्यंत रीघ, नंतर सभा. आज भोईवाड्याला, उद्या लालबागला. तिला स्टेजवर बसवायचे, हार घालायचे. ती कोरड्या डोळ्यांनी बसायची आणि बायका म्हणायच्या, काय काळीज आहे बघा! तिला चांगलं लुगडं नेसवून मीच न्यायची. आमच्या घराचं नाव झालं म्हणून मला धन्य वाटायचं. आग लागो त्या धन्य वाटण्याला.

शिमग्याच्या सुमाराला ती जेवताजेवता थांबली. म्हणाली, "जाऊबाई, घशात बोळा अडकलाय." आधी भाकरी बंद झाली, मग भात. शेवटी नुसती पेज, तीही अर्धी बाहेर. तिचा नवरा रामजी, म्हणजे माझा धाकटा दीर, मिलमध्ये खाडे करून तिला इस्पितळात न्यायचा. घशाचा फोटो काढला, तो स्वच्छ. मी दृष्ट काढली, अंगारा लावला, काढे पाजले. कसला बोळा ते मला ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

एकदा मीच तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी विचारलं, "मुलगा गेला तेव्हा या रडल्या होत्या का?"

"एक टिपूस नाही काढलंन!" मी ताठ मानेनं सांगितलं.

"मग तेच अडकलंय, बाई. घसा चांगला आहे त्यांचा. त्यांना रडू द्या, नाहीतर उपाशी मरतील."

मी घरी येऊन त्या डॉक्टरला शिव्या घातल्या. म्हणे रडणं अडकलंय! रडणं म्हणजे काय माशाचा काटा आहे? रामजीला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोळ्याचंही सांगावं लागलं असतं.

असं वर्ष काढलं तिनं. उरली काय, तर हाडं नि कातडं. एका दुपारी तिचं अंग पुसताना तो दंड माझ्या हातात आला, चिमटा काढलेला. त्यावर चिमटीत धरण्याएवढंही मांस नव्हतं. माझा धीर सुटला. म्हटलं, "जाई, रड गो. माझं चुकलं. रड एकदाची."

तिनं दाराकडे बघितलं. खालून मोर्चा चालला होता, 'झालाच पाहिजे'च्या घोषणा वर येत होत्या. अगदी बारीक आवाजात तिनं मला विचारलं, "लोक गेले काय, जाऊबाई?"

देवा रे! पोर माझ्या शब्दासाठी थांबली होती.

"गेले गो, सगळे गेले," मी म्हटलं आणि उठून दार लावलं. तिनं तोंड उघडलं. मोठं उघडलं. आवाज काही आला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

जगदीश हार घेऊन आला. म्हणाला, "राधाकाकी, वीरमाता होती ती. रडू नका." मी तो हार त्याच्या हातातून ओढून जिन्यात भिरकावला आणि त्याच्यासमोर, सगळ्या चाळीसमोर, ऊर बडवून रडले. दोघींचं रडले. तिच्या आता काय उपयोगाचं ते?