पेपरऐवजी शाल

इंजिनिअर संघटनेच्या अधिवेशनात माझा पेपर होता. काळ्या मातीत घरकुलांच्या भिंती का तडकतात, यावर. आज जे पेपर वाचतील त्यांच्यातूनच माती-परीक्षणाची समिती निवडणार होते, आणि बाळंतपणात सुटलेलं काम परत मिळवायचा मला तेवढाच रस्ता दिसत होता.

दिग्रसहून एसटीनं यवतमाळला आलो. माझ्या सासूबाई नंदाबाई माझ्या तान्ह्या अंकुरला घेऊन सभागृहात मागच्या रांगेत बसल्या. तो रडला तर? लॅपटॉप ऐन वेळी अडला तर? माझी मान सारखी मागं वळत होती.

नाव पुकारलं. मी पेनड्राइव्ह घेऊन स्टेजवर गेले, तर अध्यक्ष देवराव साहेब शाल उलगडून उभे!

"आपली संघटना आता सर्वसमावेशक झाली बरं का! तांड्यातली लेक, लेकुरवाळी, अन् इंजिनिअर! वाजवा टाळ्या!"

शाल, नारळ, साडी. मग सर्वसमावेशकतेवर त्यांचं लांबलचक भाषण. मग फोटोग्राफर म्हणाला, "बाळाले पण घ्या ना मॅडम." झोपलेल्या अंकुरला उठवून आणलं. त्यानं भोकाड पसरलं, तर सगळे कौतुकानं हसले.

"आता मॅडमचं मनोगत!"

मी माइक धरला. "काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते. म्हणून पायव्याखाली..."

"मातीचं कायले मॅडम आता?" देवराव साहेब हसले. "तुमच्यातली एखादी लेंगी म्हणून टाका. जेवन थंडं होऊन राह्यलं."

लेंगी आम्ही बंजारा लोक होळीला गातो. हा डिसेंबर होता. मी माइक ठेवून दिला.

जेवणानंतर समिती जाहीर झाली. माझं नाव नव्हतं. मी विचारायला गेले.

"पेपर वाचणाऱ्यांतूनच घेतो ना आपण," ते समजुतीनं म्हणाले. "तुमचा राह्यला वाचायचा."

"माझ्या वेळात तुम्ही सत्कार केला, सर."

"मंग? बाकी कोणाचा केला का?"

परतीच्या एसटीत सासूबाईंनी सत्कारातल्या साडीचा पदर चाचपून पाहिला. "कापड बरं हाय. कामाचं काय झालं?"

"नाही झालं."

गाडी खड्ड्यांतून उसळायला लागली तशी मी शाल काढून लॅपटॉपला गुंडाळली.

"अवं, नवी शाल हाय ते! पोराले पांघर ना."

"त्याला नको," मी म्हटलं, आणि अंकुरला माझ्या पदराखाली घेतलं.