टेसा हॅफनरचा आलेख

मे महिन्यात शाळेसाठी घरपट्टीतून घ्यायचा कर गावाच्या मतदानात तिसऱ्यांदा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्न हॅफनरने आपला ट्रक नोरीन क्लिंगलरच्या घरावरून चार वेळा नेला आणि चारही वेळा भोंगा दाबून धरला. तो राहायचा समोरच, रस्त्याच्या पलीकडे. त्याला कुठेही जायचं नव्हतं. फक्त भोंगा वाजवायचा होता.

नोरीन स्वयंपाकघरात कॉफीचा कप धरून उभी होती. चौथ्या भोंग्याला तिने कप सिंकमध्ये इतक्या जोरात आदळला की त्याचा कान तुटला.

हॅलर्सबर्गच्या प्राथमिक शाळेत ती एकवीस वर्षं वाचन शिकवत होती. सगळ्या वर्गाला नव्हे; जी मुलं मागे पडायची, ती चार-चार, पाच-पाच जणांच्या गटाने तिच्या छोट्या खोलीत यायची. कर नामंजूर झाला म्हणजे कुठे कात्री लागणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एक बस बंद, संगीत बंद, वाचनाची खोली बंद. जूनमध्ये तिला पत्र मिळालं, आणि ऑगस्टपासून ती शेजारच्या जिल्ह्यात बदली शिक्षिका म्हणून फिरू लागली. आज या गावात, उद्या त्या गावात, एका वेळेला पन्नास-पन्नास मैल.

व्हर्नचा तिच्यावर वैयक्तिक राग नव्हता, असं तो सगळ्यांना सांगायचा. बाटल्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता. कारखाना बंद पडला, पेन्शन अर्धी झाली, घरपट्टी मात्र चढतच गेली. ‘‘हे शाळावाले दर सहा महिन्यांनी तोच कर घेऊन मतदानाला येतात,’’ तो दुकानात, चर्चच्या आवारात, जिथे उभा राहील तिथे म्हणायचा. ‘‘नाही म्हटलं की नाही. माणसाला नाही म्हणायचाही हक्क नाही का?’’ त्याच्या अंगणात रस्त्याकडे तोंड करून सहा पाट्या रोवलेल्या असायच्या. त्यांतली एक त्याने मुद्दाम तिरकी लावली होती, नोरीनच्या बैठकीच्या खिडकीतून नीट वाचता यावी म्हणून. त्या पाटीवर लिहिलं होतं : ‘उन्हाळाभर सुट्टी, वर आमच्या घरावर पट्टी.’

आणि त्याच घरात टेसा होती. व्हर्नची नात. तिची आई टोलेडो शहरात होती आणि तिचं काही धड चाललेलं नव्हतं, त्यामुळे पोर पाच वर्षांची असल्यापासून आजोबांकडेच वाढत होती. दुसरीत ती नोरीनच्या खोलीत आली, तेव्हा मिनिटाला एकोणीस शब्द वाचत होती. चित्राकडे बघायची आणि शब्द ठोकून द्यायची. नोरीन दर शुक्रवारी घड्याळ लावून तिचं वाचन घ्यायची आणि आलेखावर एक ठिपका मांडायची. ठिपके हळूहळू वर चढत गेले. मेमध्ये शेवटचा ठिपका चौऱ्याहत्तरवर होता. त्या दिवशी टेसाने तो स्वतःच्या हाताने मांडला, जांभळ्या पेनने, आणि ‘‘बाई, हा आता कागदाच्या बाहेर जाईल,’’ म्हणाली.

त्याच आठवड्यात तिच्या आजोबांनी भोंगा वाजवला होता.

पुढचं वर्ष तसंच गेलं. नोरीन आणि व्हर्न एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बर्फ पडलं की व्हर्न आपल्या यंत्राने रस्ता साफ करायचा आणि नेमका तिच्या फाटकापाशी ढीग सोडून जायचा. ती फावड्याने तो ढीग उपसून परत त्याच्या बाजूला टाकायची. दोघंही साठीला टेकलेली माणसं, पण कोणी माघार घेत नव्हतं.

जूनमधल्या एका सकाळी ती टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती. व्हर्नचा ट्रक तिच्या आवारात शिरला. तिने मान वर केली नाही. तो उतरला, तिच्या वाफ्यापाशी आला आणि एक कागद तिच्या नाकासमोर धरला.

‘‘वाच.’’

‘‘तुला वाचता येतं ना?’’

‘‘नोरीन, मस्करी नको. वाच.’’

पत्र शाळेचं होतं. तिसरीतल्या मुलांना राज्याची वाचनाची परीक्षा पास करावी लागते. नाहीतर चौथीत बसू देत नाहीत. टेसा दोनदा बसली, दोनदा नापास झाली. खाली एप्रिलमधला आकडा दिलेला होता : मिनिटाला एकाहत्तर शब्द.

नोरीनने तो आकडा पुन्हा पाहिला. वर्षभरात पोर पुढे गेलीच नव्हती, उलट तीन शब्दांनी मागे आली होती. पोरीला उद्यापासूनच पाठव, असं म्हणायला हवं होतं. पण तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

‘‘मग? माझ्याकडे कशाला आलास? मी त्या शाळेत नाही आता. तूच घालवलंस मला.’’

‘‘मी कुणाला घालवलं नाही. मी माझ्या घरपट्टीवर मत दिलं.’’

‘‘आणि त्या घरपट्टीतून तुझीच नात शिकत होती.’’

व्हर्नचे कान लाल झाले. त्याने टोपी काढली, परत घातली. ‘‘उन्हाळाभर शिकव तिला. ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा आहे. मी पैसे देतो.’’

‘‘कर देणार नाहीस, पण मला देशील?’’

‘‘हो, देईन! कारण ते कुठे गेले ते मला दिसेल. रस्त्याच्या पलीकडेच दिसेल. शाळेला दिलेले कुठे जातात कुणाला माहीत?’’

नोरीन उठून उभी राहिली. गुडघ्यांना माती लागली होती, ती तिने झटकली नाही. ‘‘ऑगस्टमध्ये परत मतदान आहे. त्या सहा पाट्या उपट. सगळ्यांसमोर सांग की तुझं चुकलं. मग तिला घेऊन ये. एक पैसा घेणार नाही.’’

‘‘पोरीवर सौदा करतेस?’’

‘‘तो तू तीनदा केलास.’’

‘‘माझी बायको गेली तेव्हा तू पंधरा दिवस आमच्याकडे जेवण आणून दिलंस,’’ तो म्हणाला. ‘‘तेव्हा मला वाटलं होतं, बरी बाई आहे.’’ मग कागदाची घडी करून तो ट्रककडे वळला. पुढच्या सीटवर टेसा बसली होती. तिने काचेतून हात हलवला. नोरीनने उत्तरादाखल हात वर केला, तोवर ट्रक मागे वळला होता.

दोन दिवस तिला चैन पडलं नाही. पोरीचा काय दोष, असं मनाशी म्हणत ती एकदा फाटकापर्यंत गेलीही. तिथून दिसलं की व्हर्नच्या अंगणात सहाच्या सात पाट्या झाल्या आहेत. ती परत फिरली.

जुलैच्या शेवटी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या दालनात, सभा झाली. मतदानाला आठवडा उरला होता. आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. दोन मोठे पंखे नुसतेच घरघरत होते. गावातली दोनेकशे माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली होती आणि मागच्या बाकांवर पोरं बर्फाच्या कांड्या चोखत होती. शाळांच्या प्रमुख लीटा पामर यांनी तक्ते दाखवले. कुणी ऐकलं, कुणी हातातल्या कागदाने वारा घेतला. मग व्हर्न उठला. त्याच्या बाजूच्या लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या.

‘‘मी साधा माणूस आहे,’’ तो म्हणाला. ‘‘एकच विचारतो. या शाळेत खास खोली होती. खास बाई होत्या. माझी नात वर्षभर तिथे जात होती. आणि आज ती नापास आहे. मग कर घेऊन केलंत काय? यांना आणखी दिले तर आणखी काय करणार?’’

टाळ्या वाढल्या. मागून कुणीतरी शीळ घातली.

नोरीनच्या पिशवीत टेसाच्या आलेखाची वही होती. नुसती असू दे सोबत, असं मनाशी म्हणत तिने घरातून निघताना ती आत टाकली होती. आता ती कधी उभी राहिली आणि वही कधी उघडली, तिलाच कळलं नाही.

‘‘विचारतोयस ना काय केलं? ऐक मग.’’ तिचा आवाज वर्गात लागतो तसा कडक आणि सरळ लागला. ‘‘सप्टेंबरमध्ये ही मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मिनिटाला एकोणीस शब्द. नाताळला अडतीस. मार्चमध्ये साठ. मेमध्ये चौऱ्याहत्तर. मग तुम्ही सगळ्यांनी मिळून खोली बंद केली. या एप्रिलमध्ये किती? एकाहत्तर! अख्खं वर्ष शाळेत जाऊन एकाहत्तर. तो आकडा असलेलं पत्र व्हर्ननेच आणून दाखवलंय मला, माझ्या दारात, शिकवणी मागायला!’’

व्हर्न म्हणाला, ‘‘बस कर, नोरीन.’’

तिथेच ती थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. पण वर्षभराचे भोंगे, बर्फाचे ढीग, ती तिरकी पाटी, सगळं तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

‘‘का? ही मुलगी ‘हाउस’ला ‘हॉर्स’ वाचायची! चित्र झाकलं तर पान पालथं घालून रडायची! तिथून आणली होती मी तिला. आणि तुम्ही तिला परत तिथेच नेऊन टाकलंत!’’

मागच्या बाकावर एक पोरगं फिदीफिदी हसलं. ‘‘हॉर्स!’’ ते म्हणालं, आणि आणखी दोघं हसली. नोरीनने वळून पाहिलं. तिथे टेसा बसली होती. तिची बर्फाची कांडी वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती आणि टेसा ओघळ पुसत नव्हती. ती सरळ नोरीनकडे बघत होती, फळ्यावरचं काहीतरी समजत नसावं तशी.

व्हर्न खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेला. नऊ वर्षांच्या पोरीला त्याने लहान बाळासारखं उचललं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि दार पायाने ढकलून बाहेर गेला.

त्या ऑगस्टमध्ये कर मंजूर झाला. त्रेचाळीस मतांनी. लोक म्हणाले, नोरीनने मतं फिरवली. किराणा दुकानात एका अनोळखी माणसाने तिचा हात हातात घेऊन हलवला. चर्चमध्ये एक बाई म्हणाली, ‘‘बरी जिरवलीस त्याची.’’ नोरीन हसली. घरी येऊन मात्र तिला जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी लीटा पामर यांनी तिला कार्यालयात बोलावलं. नोरीन चांगला निळा ब्लाउज घालून गेली. खोली पुन्हा उघडणार होती, आणि ती खोली तिच्याशिवाय कुणाची असणार?

लीटा यांनी दार लावून घेतलं. ‘‘मी तुला परत घेऊ शकत नाही, नोरीन.’’

‘‘काय?’’

‘‘मुलाचे गुण असे चारचौघांत सांगता येत नाहीत. कायदा आहे. तुला माहीत आहे.’’

‘‘व्हर्नने तक्रार केली?’’

‘‘व्हर्नने काहीच केलं नाही. तीन आयांनी पत्रं दिलीत. तुझ्याकडे शिकलेल्या मुलांच्या आया.’’ लीटा यांनी ती तीन पत्रं टेबलावर ठेवली. ‘‘तिघींनीही कराच्या बाजूने मत दिलं होतं. त्या म्हणतात, उद्या आमच्या मुलाचं काय बोलेल?’’

नोरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘‘मी बोलले नसते तर उघडायला खोलीच नसती तुमच्याकडे! एकवीस वर्षं! माझ्या जिवावर जिंकलात आणि मलाच दार दाखवता?’’

‘‘हो,’’ लीटा म्हणाल्या. ‘‘तू बोललीस म्हणून जिंकलो, हे मला कळतं. त्याची मला लाजही वाटते. पण पोहण्याच्या तलावावर पोरं तिला ‘एकाहत्तर’ म्हणून हाक मारतात, नोरीन. ती पोहायला यायची बंद झालीय.’’

नोरीनने पर्स उचलली. दार उघडून ती बाहेर पडली.

शाळा सुरू झाली. वाचनाच्या खोलीत दुसऱ्या गावची एक तरुण शिक्षिका आली. ऑगस्टची परीक्षा टेसाने दिलीच नाही. ती पुन्हा तिसरीत बसली आणि आठवड्यातून चार दिवस त्या खोलीत जाऊ लागली. नोरीन रोज सकाळी सहाला गाडी काढून पन्नास मैल जात होती. समोरच्या पाट्या व्हर्नने काढून टाकल्या होत्या. तिला वाटायचं, एखाद दिवशी तो येऊन शिव्या तरी देईल. तो आला नाही. दिसला की मान फिरवायचा, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये शाळेची पोरं शाळेच्या मदतीसाठी विकायच्या चॉकलेटची मागणी नोंदवायला घरोघर फिरतात. एका शनिवारी नोरीनने खिडकीतून पाहिलं. टेसा एकटीच रस्त्याने येत होती, हातात कागद लावलेली फळी. ती कोपऱ्यावरच्या मिलरांच्या घरी गेली, मग अलीकडच्या पिवळ्या घरात गेली. मग नोरीनचं फाटक आलं. टेसा न थांबता पुढे गेली.

नोरीन चपला न घालताच बाहेर आली. ‘‘टेसा!’’

पोर थांबली. उंच झाली होती. केस कापले होते.

‘‘माझ्याकडे आली नाहीस. मला हवी आहेत चॉकलेटं.’’

टेसाने फळी छातीशी धरली.

‘‘आजोबांनी नको म्हटलं का?’’

‘‘नाही. ते म्हणाले, जायचं असेल तर जा.’’

‘‘मग?’’

‘‘मला नव्हतं यायचं, बाई.’’

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. फळी किंचित कलली, तेव्हा नोरीनला कागद दिसला. सात-आठ नावं होती, आणि टेसाने ती स्वतः लिहिली होती, एकेक अक्षर दाबून. पिवळ्या घरातल्या म्हाताऱ्याचं आडनाव बारा अक्षरांचं, जर्मन, भल्याभल्यांना चुकणारं. ते तिने बरोबर लिहिलं होतं. नोरीनच्या ओठांवर शाबासकी आली. ती देण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं.

‘‘टेसा, त्या दिवशी मी जे केलं... माझं चुकलं. फार चुकलं.’’

‘‘हो,’’ टेसा म्हणाली. तिने जरा वाट पाहिली, बाईंना आणखी काही बोलायचं आहे का म्हणून. ‘‘मी जाऊ?’’

‘‘जा.’’

ती पुढच्या घराच्या पायऱ्या चढली आणि तिने घंटी वाजवली. पलीकडे, आपल्या अंगणात पानं गोळा करत असलेला व्हर्न दाताळ्यावर रेलून उभा होता. तो नातीकडे बघत होता. तिच्यासाठी दार उघडलं गेल्याचं दिसलं, तसा तो पुन्हा पानं ओढू लागला. नोरीन थंडगार रस्त्यावर अनवाणी उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.