आवारातील जुनी विहीर

"‘आवारातील जुनी विहीर पाणी आटल्याने बंद आहे,’" रंगनाथने वाचलं आणि पान उलटलं.

टेबलाखालचा केर ओढणारी सरजाबाई थांबली. "रंगनाथभाऊ, मागं जा जरा. हिरीचं काय म्हनलात?"

"लेखात लिवलंय मावशी. पानी आटलं म्हनून हीर बंद हाय."

"कुनी लिवलं?"

समासातली सही रंगनाथ लांबूनही ओळखू शकला असता. कॉलेजच्या वाचनालयात टंकलेखक म्हणून त्याने ती सही हजार वेळा पाहिली होती. तरी त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मग म्हणाला, "आबासाहेबांनी."

सरजाबाईने केरसुणी भिंतीला टेकवली. "ती हीर आटली न्हाई," ती म्हणाली.

धामणखेडला गाव म्हणायचं ते कॉलेजमुळे. देवगाव फाट्यावर एस.टी. बदलून यायचं. माळावर कॉलेज, माळाखाली गाव आणि मधल्या रस्त्याला मेसवाल्या बायका, भाड्याच्या खोल्या, वह्यांची दुकानं. कॉलेज नसतं तर इथे एस.टी. थांबली असती ती फक्त पंक्चर काढायला. त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, औरंगाबादच्या एका मंडळाने ग्रामकोश काढायचं ठरवलं आणि आपल्या गावावरचा लेख गावाने मिळून लिहावा, असं इतिहासाच्या दिनकररावांच्या मनाने घेतलं. मसुदा टंकून वाचनालयाच्या लांब टेबलावर ठेवला, शेजारी सुतळीने बांधलेली पेन्सिल. ज्याला जे खटकेल ते त्याने समासात लिहावं आणि खाली नाव घालावं. शनिवारी दुपारी बैठक. ज्यावर हरकत नाही ते शाईने पक्कं, हरकत आली तर आधार दाखवायचा.

गावाला हा खेळ भलताच आवडला. एका किराणावाल्याने आपल्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिक करून टाकलं, समोरच्या दुकानदाराने ते दुसऱ्याच दिवशी खोडलं. मारुतीचं देऊळ एका आठवड्यात शंभर वर्षांनी म्हातारं झालं. आपला बाजार शेजारच्या झरीपेक्षा मोठा, असं कुणी लिहिलं, तर झरीच्या एका जावयाने खाली ‘आधार?’ असं ठळक लिहून सही ठोकली. जो तो आपलं घोडं दामटत होता आणि दिनकरराव शनिवारी खोडरबर घेऊन बसत होते.

विहीर सरजाबाईच्या नवऱ्याने, सूर्यभानने खोदली होती. कॉलेजची इमारत उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. माळावर पाणी लागायचं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. सूर्यभान आणि त्याच्या जोडीदारांनी खडक फोडून पाणी काढलं. नंतर बहात्तरचा दुष्काळ आला आणि गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा अख्खं धामणखेड घागरी घेऊन माळ चढायला लागलं. घसा कोरडा असेपर्यंत विहीर कुणी खोदली हे कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि बौद्धवाड्यातल्या बायकांना पुन्हा लांब उभं राहून दुसऱ्याने ओतेपर्यंत थांबावं लागायला लागलं. सूर्यभान तेव्हा नुसता हसायचा. म्हणायचा, पानी तर माजंच हाय ना.

नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात बौद्धवाड्यावर माणसं आली. सूर्यभानने आईला आणि बायकोला ओढ्यापलीकडे नेऊन बसवलं आणि बांधलेल्या शेळ्या सोडायला तो मागे फिरला. घरं पेटली होती. तो कॉलेजकडे पळाला असं लोक सांगतात, कारण ते फाटक त्याला कधी बंद नव्हतं. त्या दिवशी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीत सापडला. पंचनाम्यात पाय घसरून पडल्याचं लिहिलं. दोराला लोंबकळून ज्याने त्या खडकात सुरुंगाची भोकं पाडली, त्याचा पाय म्हणे काठावर घसरला. मग कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने विहिरीवरचा पंप काढून नेला, विहिरीवर पत्रे टाकून धोंडे ठेवले. संस्थेचे सचिव आबासाहेब यांनी सरजाबाईला रोजंदारीवर झाडायला ठेवून घेतलं आणि गावाने त्यांना दयाळू म्हटलं.

त्या मरणाबद्दल सरजाबाई सात वर्षांत कुणाशी बोलली नव्हती. बोलून काय होतं ते तिने पाहिलं होतं. पण विहीर आटली हे तिला सोसवेना. माणूस मारला तो मारला, आता त्याच्या हातचं कामही मारायला निघाले होते.

"रंगनाथभाऊ, माजी हरकत लिवा."

"मावशी, पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कशाला?"

"लिवा तुमी. सही मी करती."

रंगनाथने लिहिलं. मस्टरवर सह्या करून करून शिकलेली वाकडी अक्षरं सरजाबाईने खाली काढली: सरजाबाई सूर्यभान वाव्हळ.

शनिवारी दिनकररावांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. ते पाच वर्षांपूर्वी लातूरकडून आले होते. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. विहिरीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती आणि त्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

"बाई, तुमची हरकत वाचली. पण विहीर कोरडी पडल्याने पंप काढला, असा संस्थेचा ठराव आहे. तुमच्याकडे काही आधार आहे का?"

"आधार म्हंजी कसा, सर?"

"म्हणजे कुठे लिहिलेलं, छापलेलं."

"हीर ती बगा, हितून दिसती. पत्रा सारला की पानी दिसंल."

दिनकररावांनी तिकडे पाहिलं नाही. "असं करू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "विहिरीचं वाक्यच काढून टाकू. आटली असंही नको आणि आहे असंही नको."

"काडू नका, सर. बहात्तरला अख्ख्या गावानं त्या हिरीवर दिस काडले. माज्या मालकाचं नाव नका लिवू. ते कसे गेले ते बी नका लिवू. फकस्त हिरीला पानी हाय, येवढं लिवा."

"आणि पाणी आहे तर मग बंद का, असं वाचणाऱ्याने विचारलं तर?"

सरजाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ते ज्याचं त्यानं इचारावं."

दिनकररावांनी वाक्य काढलं नाही आणि बदललंही नाही. समोर एक प्रश्नचिन्ह काढलं आणि ते पुढच्या शनिवारवर ढकललं.

घरी सासू चांगुणाबाई उंबऱ्यात बसून होती. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. वाड्यात बातमी तिच्यापाशी आधी पोचली होती.

"कशाला उकरून काडायलीस?" ती म्हणाली. "हाय ती भाकर बी जाईल."

"आत्याबाई, हीर आटली म्हनायलेत."

"म्हनू दे. त्या हिरीचं नाव ह्या घरात काडू नको." म्हातारीने तोंड फिरवलं. लेक गेल्यापासून ती माळाच्या बाजूला फिरकली नव्हती. डोळे चांगले होते तेव्हासुद्धा नाही.

सरजाबाई आठवडाभर केर काढत राहिली. शनिवारी शेजारणीकडून तिने दोर मागून घेतला. घरचा दोर घराबरोबरच जळाला होता. दुपारी आबासाहेबांची जीप फाटकातून आत आली, टेबलाभोवती खुर्च्या सरकल्या, तेव्हा ती घागर घेऊन विहिरीवर गेली. धोंडे बाजूला सारले, पत्रा ओढला. आत बघायचं नाही, नुसती घागर सोडायची, असं ठरवून ती आली होती. पण बघितलंच. दिवाळी नुकतीच सरली होती आणि पाणी बरंच वर होतं, पिंपळाची चार पानं घेऊन गप पडलेलं. तिला वाटलं होतं भीती वाटेल. भीती वाटली नाही, फार दिवसांनी घरचं माणूस भेटावं तसं वाटलं आणि ती काठावर बसून रडली. मग पदराने तोंड पुसून तिने घागर सोडली.

भरलेली घागर तिने वाचनालयात आणली आणि लांब टेबलावर, मसुद्याच्या शेजारी ठेवली. ओघळ कागदाकडे जायला लागला, तशी रंगनाथने पानं उचलून धरली.

"सर, ह्यो माजा आधार," ती म्हणाली.

आबासाहेबांना आवाज चढवून बोलताना गावाने कधी ऐकलं नव्हतं, त्यांना तशी गरज पडत नसे. त्यांनी घागरीत वाकून पाहिलं.

"बाईचं खरं दिसायलंय," ते म्हणाले. "दिनकरराव, ‘आटल्याने’ खोडा."

दिनकररावांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी पेन्सिल सोडून थेट शाईने खोडलं. सरजाबाईला आपण नीट ऐकलं का, ते कळेना.

"आता पानी हाय, हे ठरलं," आबासाहेब पुढे म्हणाले. "पर कसं हाय, ते बी लिवावं लागंल. कोश हाय, उगं कायबी चालत न्हाई. कुनीतरी पिऊन सांगा."

माठावरचा पेला रंगनाथने आणला, भरला आणि टेबलावर ठेवला. बहात्तरला त्याची आई झुंजुमुंजू व्हायच्या आत याच विहिरीवर घागर लावून बसायची, त्याच पाण्यावर तो वाढला होता. पेला ठेवून तो आपल्या यंत्राकडे गेला आणि फीत नीट करायला लागला. दिनकररावांनी पेला उचलला, छातीपर्यंत आणला. "मला जरा घशाचा त्रास आहे," असं म्हणून त्यांनी तो परत ठेवला. बाकीचे खिडकीबाहेर बघत होते, जणू बाहेर कुणाची वरात चालली होती.

सरजाबाईने पेला घेतला आणि सगळ्यांसमोर रिकामा केला. "गोड हाय," ती म्हणाली. "पैल्यासारखंच हाय."

"तुमी तर म्हननारच," आबासाहेब म्हणाले. "हरकत बी तुमची आन् साक्ष बी तुमचीच, असं कसं जमंल? दुसरं कुनी?"

ते थांबले. खरोखरच थांबले, पुरेसा वेळ दिला. पेला टेबलावर होता, घागर भरलेली होती.

"बगा बाई. येवढी मानसं बसलीत, कुनी तोंड लावायला तयार न्हाई. ह्याच्याऊन मोठा आधार कोनता आनायचा?" मग ते रंगनाथकडे वळले. "लिव. ‘आवारातील जुनी विहीर पाणी पिण्यास अयोग्य असल्याने बंद आहे.’ कुनाची हरकत?"

"माजी हाय," सरजाबाई म्हणाली.

दिनकररावांनी पेन्सिलीकडे पाहिलं. सुतळी आखूड होती, की त्यांचा हात, कोण जाणे. "पुढच्या वेळी घेऊ, बाई," ते म्हणाले. पुढची वेळ आली नाही. लेख त्याच दिवशी पक्का झाला आणि सोमवारच्या टपालाने औरंगाबादला गेला.

पुढे कोश छापून आला. धामणखेडच्या पानावर ते वाक्य आहे, झरीच्या बाजाराची हरकत मात्र मान्य झाली आहे. आठवड्याच्या आत विहिरीच्या तोंडावर सिमेंटची फरशी पडली आणि महिनाअखेरीला सरजाबाईला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. निरोप रंगनाथनेच आणला. तिने त्याला बसायला पोतं टाकलं, तो बसला नाही. ती मग दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायला लागली. पण त्या शनिवारचं थोडं सांगायचं राहिलं.

बैठक उठली. टेबल पुसायचं काम सरजाबाईचंच होतं, ते तिने पुसलं. पेला विसळून माठावर पालथा घालायला गेली तर रंगनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी, त्यो पेला आता बाजूला ठिवा." तिने तो बाजूला ठेवला. घागर मात्र सांडली नाही. काढलेलं पाणी ओतून द्यायचं नसतं, असं सूर्यभान म्हणायचा. तिने चुंबळ केली, घागर डोक्यावर घेतली आणि फाटकातून बाहेर पडली. मेसवाल्या बायका, खोल्यांच्या ओट्यावर बसलेली पोरं, वह्यांची दुकानं, सगळ्यांच्या देखत ती माळ उतरून बौद्धवाड्यात आली.

चांगुणाबाई उंबऱ्यातच होती. घागर खाली टेकल्याचा आवाज तिने ऐकला.

"ह्या येळंला पानी कुठून आनलंस?"

म्हातारीचा हात चाचपत घागरीपर्यंत आला, ओल्या काठावर थांबला. बराच वेळ तो तिथेच होता.

"आपल्या हिरीचं?" तिने विचारलं.

"हो, आत्याबाई."

आता ती ओतून दे म्हणेल, असं सरजाबाईला वाटलं. म्हातारीने मागे हात घालून आपला तांब्या शोधला आणि पुढे धरला. सरजाबाईने तो भरला. म्हातारी हळूहळू प्यायली, तळापर्यंत, मधे एकदाही न थांबता. मग तिने पदराने ओठ टिपले आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढे केला.

"आनखी दे," ती म्हणाली.

सरजाबाईने घागर कलती केली.