मधल्या मजल्याची बायको

मला मरून अकरा महिने झाले होते, आणि ही गोष्ट मला एका शनिवारी सकाळी दारात उभ्या राहिलेल्या बाईंकडून कळली.

बाई सत्तरीच्या. चार जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होत्या, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. माझा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. अख्ख्या शहराच्या लिफ्ट तो चालू करतो आणि आमची तीन आठवडे बंद आहे, यावर मी त्याला रोज काय काय ऐकवते ते इथं लिहीत नाही. समोर मी त्याला अहो म्हणते, मनात अरे म्हणते.

"मधला मजला इथंच राहतात का?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, हा चौथा मजला आहे. त्या म्हणाल्या, मजला नव्हे हो, कवी. मी म्हटलं, इथं कुणी कवी राहत नाही, लिफ्टवाले राहतात. तर "तेच ते," म्हणून बाई सरळ आत आल्या. हातात एक जाडजूड फाइल होती. आयुष्यभर शाळेच्या हेडबाई होत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं, पण चपला काढून एका रेषेत लावल्या तेव्हाच मला कळलं होतं.

खिडकीपाशी माझी खुर्ची असते. त्या तिच्यावर टेकल्या आणि चटका बसावा तशा उठल्या. "हीच का ती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. आता खुर्ची म्हणजे खुर्ची. मी म्हटलं, बसा की. पण त्या काही तिच्यावर बसेनात. शेवटी जेवणाच्या टेबलाशी बसल्या, जिथं मी एका आजोबांच्या कवळीचे मेणातले दात लावत होते. दात बनवणं हा माझा धंदा. वडिलांच्या हाताखाली मी आणि ताई, दोघीही हेच काम शिकलो.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. ताईनं तिच्या गावी स्वतःची दातांची लॅब काढली होती आणि मला भागीदार म्हणून बोलावत होती. निदान वर्षभर तरी तिथं राहावं लागणार होतं. बारा वाजता तिचा फोन येणार होता, आणि हो की नाही ते मला तेव्हा सांगायचं होतं. नवऱ्याला आठवडाभरात तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "तुझं तू बघ." मी असले काय, नसले काय, याला काही फरक पडत नाही, हे माझं जवळपास ठरलं होतं. जवळपास म्हणजे बॅग काढली होती, भरली नव्हती.

"तुम्ही त्यांच्या कोण?" बाईंनी विचारलं.

"बायको."

बाईंनी फाइल छातीशी धरली. मग म्हणाल्या, "त्यांनी आम्हाला दुसऱ्या लग्नाचं कळवलं नाही."

पुरुषाचा भरवसा नसतो वगैरे मी ऐकून होते, पण जो माणूस दाढीचं ब्लेड बदलायलासुद्धा मला विचारतो, तो दुसरी बायको न विचारता आणेल हे काही पटेना. आणि आणली असेल तर ठेवली कुठं? मी विचारलं, कुणाचं दुसरं लग्न? तर बाईंचा चेहरा एकदम मवाळ झाला. म्हणाल्या, तुमचा काही दोष नाही, एकटं राहवत नाही माणसाला, पण पहिलीला वारून अजून वर्षसुद्धा झालेलं नाही. मी मनातल्या मनात हिशेब करायला लागले. अकरा महिन्यांपूर्वी आमच्या घरात कोण वारलं? कुणीच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ताईकडे मी अठरा दिवस राहून आले होते, एवढंच.

मग त्यांनी फाइल उघडली.

त्यांचा फोनवर कवींचा एक ग्रुप होता, 'जोडओळ' नावाचा. चाळीस माणसं. कुणी कंडक्टर, कुणी नर्स, कुणी निवृत्त कारकून. नियम हेडबाईंचेच होते. कुणी कविता टाकली की खाली 'वा', 'छान' लिहायचं नाही. आधीच्यानं लिहिलेली शेवटची ओळ उचलायची आणि तिला आपल्या चार ओळी जोडायच्या. त्यानंतरच्यानं त्याची शेवटची उचलायची. म्हणजे तिसऱ्यापासून पुढं कुणी मूळ कवितेला उत्तर देतच नाही, जो तो वरच्या माणसाला देतो. मी तेव्हाच म्हणाले असते की अशानं गाडी भलतीकडे जाणार, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या पानावर माझ्या नवऱ्याची कविता होती. टोपणनाव, मधला मजला.

*खिडकीपाशी खुर्ची आहे, खुर्चीवर कुणी नाही,*
*चष्मा इथंच राहिलाय, तिथं वाचत असेल काही?*
*दोन कप मांडून बसतो, एक तसाच राहतो,*
*रोज सकाळी नळ आता मीच सोडून पाहतो.*

मी दोनदा वाचलं. चष्मा माझा होता. काडीला तार बांधलेला जुना. नवा मी बरोबर नेला होता, आणि ते या माणसाला माहीतच नव्हतं. अठरा दिवस मी आंधळ्यासारखी बसले असेन असं समजून तो इथं झुरत होता, आणि रोज फोनवर मला काय विचारत होता, तर गॅसची शेगडी कुठल्या फडक्यानं पुसायची.

दुसरं पान हेडबाईंचं होतं. नळाची ओळ उचलून त्यांनी स्वतःच्या यजमानांबद्दल लिहिलं होतं, ते वारल्यावर घरात पाण्याचा आवाजसुद्धा कसा बदलला त्याबद्दल. तिसऱ्यानं ते बाईंवरचं न समजता कवीच्या बायकोवरचं समजून त्याला जोड दिली. तिथून पुढं माझी प्रकृती झपाट्यानं ढासळली. सहाव्या पानावर मी अंथरूण धरलं, नवव्यावर शुद्ध हरपली, आणि चौदाव्या पानावर एका कंडक्टरनं मला अतिशय सुंदर शब्दांत संपवलं. पुढची सत्तावीस पानं शोक होता. वर्ष पूर्ण होतंय म्हणून बाईंनी सगळं छापून, शिवून आणलं होतं, मधल्या मजल्याच्या हातात द्यायला.

मी तोंड उघडलं होतं. "अहो बाई, ती मीच" एवढं म्हटलं की झालं असतं. पण बाई म्हणाल्या, "तिच्याबद्दल त्यांनी जे लिहिलंय ना, ते तुम्ही न वाचलेलंच बरं. तुम्हाला त्रास होईल."

मी तोंड मिटलं. म्हटलं, वाचा.

लोकांनी विचारलं होतं, कशी होती ती? आणि माझा नवरा, ज्याच्याकडून मला 'मीठ कमी आहे' याच्यापुढं वाक्य मिळत नाही, तो चार चार ओळींत सांगत सुटला होता. ती पाहुण्याचे आधी दात बघते, मग तोंड. ती चिडली की भांडी बोलतात आणि ती गप्प बसते. दार लावल्यावर ती दोनदा ओढून बघते, आणि तिसऱ्यांदा मी बघतो, तिला न कळता. बाई ठासून वाचत होत्या. वरची कवळी सैल होती, 'स' आला की टकटक वाजायची, एरवी मी दुसरं काही ऐकलंच नसतं.

"हे ऐका," त्या म्हणाल्या. "'झोपेत ती उजवा हात माझ्या बाजूला टाकते. तो माझ्यासाठी असतो की नुसता पडलेला, विचारायचं राहून गेलं.'"

मला रडू फुटलं. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, मन मोठं करा, मेलेल्या बाईशी स्पर्धा करू नये. त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं. मग आम्ही दोघी माझ्यासाठी रडलो. मला तिचा, म्हणजे माझा, इतका हेवा वाटला की काय सांगू. त्या मेलीला सगळं मिळालं होतं. मला शेगडीचं फडकं.

रडून झाल्यावर राग आला, पण तो कुणावर काढावा हेच कळेना. नवरा खोटं बोलला होता का? पान उलटून पाहिलं, 'माझी बायको वारली' असं त्यानं कुठंही लिहिलेलं नव्हतं. नाही असंही लिहिलेलं नव्हतं. बाईंवर चिडावं तर त्यांनी आपल्या माणसाबद्दल लिहिलं होतं. आणि लोक म्हणावेत, तर बाईंनी सांगितलं की त्यातल्या नर्सनं आपल्या मुलाच्या मरणाबद्दल नऊ वर्षांत कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. ती माझ्या निमित्तानं पहिल्यांदा बोलली. तेविसाव्या पानावर. मी न मरता एवढं सगळं झालं होतं, आणि आता मी जिवंत आहे म्हणून सांगणं म्हणजे चाळीस माणसांचा अपमान होता.

पावणेबाराला कुलपात किल्ली फिरली. नवरा हॉस्पिटलची लिफ्ट सुरू करून आला होता, हात ग्रीसनं काळे. त्यानं बाईंना पाहिलं, फाइल पाहिली, मग मला. चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी स्वतःची ओळख करून दिली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, दुसरं लग्न केलंत ते चांगलंच केलंत, आमची हरकत नाही, पण आम्हाला सांगायला हवं होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. सव्वीस वर्षं याची बाजू मीच मांडत आले, वरच्या मजल्यावरच्यांकडे, बँकेत, सासूबाईंपुढं. आज तो काय करतो बघू या. मनात आलं, हा हो म्हणाला, दुसरी आहे म्हणाला, तर बॅग भरायची.

"बाई," तो म्हणाला, आणि तिथंच अडकला. हात पँटला पुसले. "पहिली हीच. दुसरी कुणी नाही."

बाईंना अर्थ लागायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, खिडकीतल्या तारेच्या चष्म्याकडे पाहिलं. मग त्याला विचारलं, का सांगितलं नाहीत?

"दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तोवर तुम्ही तुमच्या मिस्टरांचं लिहिलं होतंत. मग त्या नर्सबाईंनी मुलाचं. त्यांना काय सांगू, की माझी बायको मंगळवारच्या बसनं येतेय?"

बाईंनी फाइल मिटली, पुन्हा उघडली, पहिलं पान काढलं आणि त्यावरून बोट फिरवलं. "वळण मीच दिलं म्हणजे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या माणसासाठी रडलात, प्रत्येक जण आपापल्या माणसासाठीच रडला, मी काय, मध्ये उभी होते. हे मला पटून बोलले की त्यांना बरं वाटावं म्हणून, ते अजून ठरलेलं नाही. ग्रुपवर काय सांगायचं तेही ठरलं नाही. बाई म्हणाल्या, विचार करावा लागेल. हेडबाईंना इतकं गोंधळलेलं त्यांच्या शाळेनंही पाहिलं नसेल.

आणि मी? मला एक सोपी गोष्ट नको तितकी स्पष्ट दिसत होती. मी ताईकडे गेले की हा माणूस बोलतो. मी घरात असले की मीठ कमी. जावं तर माझ्यासाठी कविता होणार, राहावं तर याच्याजवळ राहायला मिळणार, पण कविता नाही. यातलं कुठलं हवं, हे मला त्या क्षणी कुणी दरडावून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

बाराला फोन वाजला. ताई वेळेची पक्की. मी तो उचलला नाही. नवऱ्यापुढं धरला.

त्यानं काळ्या हातानं फोन घेतला, कानाला लावला. पलीकडे ताई काहीतरी विचारत होती, मला नुसता तिचा आवाज येत होता. तो ऐकत राहिला. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना हा माणूस बाहेरून धीर देतो म्हणे, घाबरू नका, मी इथंच आहे, असं म्हणतो. ते सत्ताविसाव्या पानावर होतं. ताईला मात्र तो म्हणाला, "थांबा जरा, तिला विचारतो."

फोन छातीशी धरून तो माझ्याकडे वळला. बाई टेबलाशी चष्मा लावून बसल्या होत्या, पुढची ओळ कोण जोडतंय याची वाट बघत असाव्यात तशा.

"जाऊ नकोस," तो म्हणाला, आणि लगेच, "असं म्हणू का?"



"आधी म्हणा," मी म्हटलं. "मग बघू."