कुलपातल्या गोळ्यांसाठी उपोषण

सास्तूरच्या पुढं फाट्यावर एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना आहे. त्याच्या फाटकासमोर मंडप टाकून गावानं उपोषण मांडलं होतं, आणि पहिल्या सतरंजीवर, गळ्यात झेंडूचा हार घालून, त्याच दवाखान्याचा डॉक्टर शंभुलिंग हत्तरगे बसला होता. मागं बॅनर होतं: ‘आमच्या डॉक्टरांना मॉर्फिन मिळालेच पाहिजे.’ बॅनरवर त्याचा फोटोही होता. फोटोत तो खुशीत दिसत होता, कारण तो साखरपुड्यातल्या फोटोतून कापून घेतला होता. बायकोचा अर्धा खांदा तसाच राहिला होता.

मॉर्फिन आत कपाटात होतं. दोन कुलपांच्या कपाटात, दोनशे गोळ्या, चौदा महिन्यांपासून. एका कुलपाची किल्ली महेश्वरी सिस्टरकडं होती आणि दुसरी उपोषणकर्त्याच्या खिशात. मांडी घातली की ती टोचायची.

हे एका दिवसात झालं नव्हतं. एवढी लाज गोळा करायला वेळ लागतो.

सुरुवात धुरपताबाईपासून झाली. त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद अंगावर आलं तेव्हा ती तिशीची होती. कंबरेचे दोन मणके चेपले. ऑपरेशन झालं, ती चालायला लागली, पण दुखणं गेलं नाही. गावाला नवी घरं मिळाली, नवे रस्ते मिळाले, हिला कंबर जुनीच राहिली. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झाला, म्हणून त्याही बंद झाल्या. शेवटी सोलापूरच्या वेदनातज्ज्ञांनी चिठ्ठी दिली: बाकीचे सगळे उपाय झाले आहेत, मॉर्फिन कमी मात्रेत सुरू करावं, दर पंधरा दिवसांनी तपासावं.

शंभुलिंगनं त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. दवाखान्याला सरकारी मान्यता होती, गोळ्या आल्या होत्या, रजिस्टर आलं होतं. फक्त धाडस आलं नव्हतं. ते पुरवठ्याच्या यादीत नसतं. झालं असं होतं की मोबाइलवर कुणीतरी बातमी पाठवली होती, अफूपासून बनणारं हे औषध दिलं म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात एका डॉक्टरला पोलिसांनी उचललं, अशी. पुढं कळलं, तो डॉक्टर एकच प्लॉट चार जणांना विकत होता. पण तोवर भीती पोटात उतरली होती. शंभुलिंगनं धाराशिवला जाऊन वकिलालाही विचारलं. वकील म्हणाले, ‘‘कागद नीट ठेवा, नव्व्याण्णव टक्के काही होत नाही.’’ शंभुलिंग त्या दिवसापासून उरलेल्या एका टक्क्यात राहायला गेला.

म्हणून धुरपताबाईची चिठ्ठी वाचून त्यानं घडी घातली आणि म्हणाला, ‘‘आजी, हे औषध आपल्याकडं अजून आलंच नाही.’’

पुढच्या खेपेलाही तेच म्हणाला. मग पट्टा दिला, शेकायची पिशवी दिली, मलम दिलं. एकदा काहीच सुचेना तेव्हा तिला डोळे तपासायला पाठवलं. तिला चष्मा लागला. कंबर दुखतच होती, आता ती स्पष्ट दिसायची.

पण हे गाव भूकंपातून उठलेलं. पत्र्याच्या शेडात दिवस काढताना या लोकांनी एक गोष्ट शिकून घेतली होती: येत नाही ते मागायचं, मागून मिळत नाही त्यासाठी ठराव करायचा, आणि ठरावानं भागलं नाही तर बसायचं. सरपंच वैजनाथनं ग्रामसभेत विषय काढला. ठराव झाला, वर अर्ज गेला, उत्तर आलं नाही. मग वैजनाथ हार घेऊनच दवाखान्यात आला.

‘‘डाक्टरसाब, तुमाला बी बसावं लागतंय.’’

‘‘मी कशाला? पेशंट आहेत...’’

‘‘पेशंट बी मंडपातच हायत. आन् तुमच्यासाठीच चाललंय की हे समदं.’’

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा उपाशी बसणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईच्या नवऱ्यानं, बब्रुवाननं, बैलगाडीत गादी टाकून तिला मंडपात आणलं. बसणं तिला जमत नव्हतं. ती कुशीवर पडून राहिली आणि तिथूनच शंभुलिंगकडं बघून कळवळली.

‘‘आगं माय, त्वांड किती सुकलं तुमचं! माज्यापायी उपाशी बसलाव डाक्टर.’’

‘‘तसं काही नाही, आजी.’’

‘‘देवमाणूस हाय,’’ बब्रुवान शेजारच्याला म्हणाला.

शंभुलिंगनं खाली बघून सतरंजीचा एक दोरा उपसायला घेतला. दुपारपर्यंत त्यानं वीतभर सतरंजी उसवली.

अडीच वाजता औषध निरीक्षक मॅडमची जीप आली. वैजनाथनं त्यांच्या हातात सरळ माईकच दिला.

‘‘मॅडम, लोकांला सांगा. कवा येणार औषद?’’

मॅडमनी फाईल उघडली, चष्मा लावला आणि माईकमध्ये वाचलं, ‘‘आमच्या नोंदीप्रमाणं दोनशे गोळ्या चौदा महिन्यांपूर्वी इथं पोचल्या आहेत. पोच मिळाल्याची सही आहे.’’

मग वैजनाथला अर्थ लागला, आणि तो चुकीचा लागला.

‘‘म्हंजे चोरी झाली! किल्ली कुणाकडं असती?’’

सगळ्यांच्या माना पायरीवर उभ्या असलेल्या महेश्वरी सिस्टरकडं वळल्या.

‘‘सिस्टर, कुठं हायत गोळ्या?’’

‘‘गप्प का बसलाव, बोला की!’’

दर महिन्याला महेश्वरी सिस्टरच शंभुलिंगबरोबर गोळ्या मोजायच्या. पहिल्या महिन्यातच त्यांनी विचारलं होतं, ‘‘सर, मोजायच्याच असतात का ह्या, का द्यायच्या बी असतात?’’ आता त्या फक्त शंभुलिंगकडं बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत ना राग होता ना विनंती. हा माणूस आता काय करतो, एवढंच बघत होत्या. शंभुलिंगला वाटलं, पुन्हा एक भूकंप यावा, फार मोठा नको, मंडपापुरता.

तो आला नाही. शंभुलिंग उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळं गावासमोर कबुली द्यायला तो लंगडत गेला.

‘‘चोरी झाली नाही,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्या आत आहेत. एकही कमी नाही. सिस्टरांचा काही दोष नाही. मीच दिल्या नाहीत.’’

‘‘मग हे उपोषण कशाचं?’’ वैजनाथनं विचारलं. त्याला खरंच कळेना.

‘‘त्याच गोळ्यांचं.’’

वैजनाथनं बॅनरकडं बघितलं, डॉक्टरकडं बघितलं आणि माईक बंद केला. एका गोष्टीसाठी शंभुलिंगनं त्याचे आभार मानले असते, ती हीच.

निरीक्षक मॅडम समजावून सांगायला लागल्या. ‘‘अहो डॉक्टर, कायद्यात दुरुस्ती होऊन दहा वर्षं झाली. संस्थेला मान्यता, तुम्हाला प्रशिक्षण, रुग्णाची फाईल, तज्ज्ञांची चिठ्ठी, रजिस्टरात नोंद. एवढं असल्यावर तुम्हाला कोण हात लावणार? कायदा तुमच्या बाजूनं आहे.’’

‘‘माहीत आहे, मॅडम.’’

‘‘माहीत आहे?’’

‘‘पाठ आहे.’’

मॅडमनी चष्मा काढला. ‘‘मला वाटलं, तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल,’’ त्या म्हणाल्या.

दोन्ही किल्ल्या लागल्या. कपाट करकरलं. धुरपताबाईला वॉर्डात पहिल्या खाटेवर घेतलं. शंभुलिंगनं तिची नाडी बघितली, श्वास मोजला, सगळं फाईलवर लिहिलं आणि अर्धी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती उजेडात धरून बघितली.

‘‘एवढीशीच?’’

‘‘सुरुवातीला एवढीच. झोप येईल, मळमळेल कदाचित. पोट साफ व्हायला वेगळं औषध देतो, ते चुकवायचं नाही.’’

बाहेर मंडप सुटत होता. बांबू खाली पडल्याचे आवाज येत होते. उपोषण सोडवायला लिंबूसरबत आणलं होतं, ते वैजनाथनं एकेकाला दिलं. वॉर्डात कुणी आणलं नाही, आणि शंभुलिंगनंही मागितलं नाही.

पाऊण तासानं धुरपताबाईनं डोळे उघडले.

‘‘कसं वाटतंय?’’

ती बराच वेळ आतल्या आत चाचपडत राहिली. ‘‘हाय की,’’ ती म्हणाली. ‘‘पर जरा लांब जाऊन बसल्यासारकं झालंय.’’ बब्रुवाननं उपरण्यानं डोळे पुसले आणि लगेच खिडकीबाहेर काहीतरी बघायचं असल्यासारखं तोंड फिरवलं.

‘‘ह्या गोळ्या इथंच व्हत्या?’’ तिनं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘आन् तुमाला ठावं व्हतं.’’

‘‘व्हय.’’ गावाकडचं उत्तर तोंडातून आपोआप निघालं.

‘‘चौदा म्हैने,’’ ती म्हणाली. आवाज चढला नाही. ‘‘करिश्माची लेक तवा रांगत व्हती. नातीची लेक हाय माज्या. आता आंगणभर पळती. म्या तिला एकदा बी उचलून घेटलं न्हाय.’’

शंभुलिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘‘भ्यालो होतो, आजी. पोलिसांना.’’

‘‘आले का पोलीस?’’ बब्रुवाननं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग आता गेलं का भ्या?’’

‘‘नाही,’’ शंभुलिंग म्हणाला. आज खोटं बोलायची त्याला शिसारी आली होती.

‘‘भ्या की मग,’’ धुरपताबाई म्हणाली. ‘‘कोण न्हाय म्हनतंय? मला गोळी देऊन भ्या.’’

‘‘आजी, चुकलं माझं.’’

या भागात असं म्हटलं की समोरचा ‘असू द्या’ म्हणतो. मनात असो नसो, म्हणतो. बैल अंगावर घातला तरी म्हणतो. शंभुलिंग थांबला.

‘‘व्हय, चुकलं,’’ धुरपताबाई म्हणाली. मग तिनंच विचारलं, ‘‘दुसरी गोळी कवा?’’

‘‘पहिलीनंतर चार तासांनी. म्हणजे सात वाजता.’’

‘‘या मग साताला.’’

पावणेसातलाच तो वॉर्डाच्या दारात जाऊन उभा राहिला. मागं महेश्वरी सिस्टर रजिस्टर घेऊन उभ्या होत्या. धुरपताबाई जागी होती. तिनं नवा चष्मा लावून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

‘‘अजून पंदरा मिन्टं हायत,’’ ती म्हणाली.

तिनं ‘बसा’ म्हटलं नाही. तो पंधरा मिनिटं उभा राहिला.