सातवं पान

"मामा, मूठ घट्ट धर. हां, आता सोड."

एरवी नेत्राला पहिल्याच टोचण्यात शीर सापडायची. आज ती दोनदा चुकली. आनंदाने दुसरा हात पुढे केला. रत्नागिरीतल्या ह्या खासगी इस्पितळात तो दीड वर्ष येत होता, ह्याच खुर्चीत बसून रक्त देत होता. आजचं शेवटचं. लिव्हरवरच्या स्टेम सेल उपचाराची चाचणी औषध कंपनीने मध्येच बंद केली होती आणि कोणाला काय दिलं होतं ते सांगणारी पत्रं आली होती.

"माझं काय आलं?" त्याने विचारलं.

"डॉक्टर येतायत. ते सांगतील."

"तू सांग गो."

नेत्राने कापसाचा बोळा त्याच्या हातावर दाबून धरला. "तुला सेल नव्हते मामा. नुसतं सलाइन होतं."

"म्हणजे मिठाचं पाणी?"

"हो."

आनंदा पूर्णगडचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, तरी लिव्हर बिघडलंय म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघून हसायचे. कधीकाळच्या काविळीचा विषाणू रक्तात राहिला होता आणि यकृत वर्षानुवर्षं आतून खराब होत गेलं होतं. नेत्रा त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. आनंदाने आणि त्याच्या बायकोने, गुणवंतीने, तिला आपल्या मुलाच्या, केतनच्या बरोबरीने वाढवलं, नर्सिंगला घातलं. चाचणीचं काम तिच्याकडे होतं आणि त्यासाठी ती धावत मामाकडे आली होती.

संमतीपत्र चौदा पानांचं होतं. ती भराभर सांगत गेली, पानं उलटत गेली. शेवटच्या पानावर त्याने सही केली. आपल्या पोरीने वाचलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

पिशवीवर काळं कापड असायचं. तीन वेळा त्यातलं औषध थेंब थेंब अंगात गेलं आणि त्याला खरंच बरं वाटायला लागलं. भूक लागू लागली. तो परत बंदरावर जाऊन इंजिनं उघडू लागला.

"कुनाला मिठाचं पाणी पन देनार, हे त्या कागदात होतं?"

"सातव्या पानावर. निम्म्यांना सेल, निम्म्यांना सलाइन," नेत्रा खाली बघत म्हणाली.

"ते तू मला वाचून दाखवलं नायस."

"तू नाही म्हणाला असतास. इथून बारा माणसं हवी होती, अकराच मिळाली होती. डॉक्टर रोज विचारायचे. आणि मला वाटलं, निम्मी तरी आशा आहे."

आनंदाने शर्टाची बाही खाली ओढली. बटण लावायला त्याला वेळ लागला.

"गेल्या मे महिन्यात केतन मुंबईवरून आला होता. रक्त तपासून आला होता. जुळतंय बाबा, म्हणाला, माझ्या लिव्हरचा तुकडा घ्या. पडवीत शर्ट वर करून उभा होता. मी म्हटलं, तुझं पोट कशाला फाडू? माझ्या अंगात सेल गेल्यात. तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिथेच."

"तिथंच. फणसाचे गरे काढीत होतीस."

"तुला काय मिळालं ते मलापण माहीत नव्हतं, मामा. शप्पथ."

"ते नसंल. सातवं पान माहीत होतं."

गेल्या महिन्यात त्याच्या यकृतात कॅन्सरच्या गाठी दिसल्या होत्या. आता लिव्हर बदलूनही उपयोग नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा केतन तिथेच पायऱ्यांवर बसून रडला होता.

आता नेत्रा रडत होती. "चुकलं माझं."

"इंजिनाचा भरवसा नसंल तर मी तांडेलाला आधी सांगतो," आनंदा म्हणाला. "मग होडी बाहेर काढायची का नाय, ते तो ठरवतो. जीव त्याचा असतो गो."

तिने डोळे पुसले, चाचणी संपल्याचा कागद पुढे सरकवला आणि बोट ठेवलं. "इथे सही."

"वाच."

"दोनच पानं आहेत."

"दोनी वाच."

तिने वाचलं. मध्ये दोनदा ती थांबली, तेव्हा त्याने वाट पाहिली, पण "राहू दे" म्हणाला नाही.

"ह्या रक्ताचं काय करनार?" त्याने विचारलं.

"अभ्यासाला ठेवतात."

"ठेवा." त्याने सही केली.

"थांब, स्कूटरवरून सोडते. दरवेळी सोडते ना?"

"एसटी हाय," तो म्हणाला. जिन्यावर तिने त्याच्या कोपराखाली हात घातला. त्याने तो हळूच काढला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरला.

घरी गुणवंतीने तीन ताटं मांडली होती. नेत्रासाठी बांगडे तळले होते.

"पोर कुठंय?"

"काम निघालं तिला."

"मग रविवारी येईल?"

"नाय यायची."

गुणवंतीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं? भांडलात?"

"नाय गो. तिच्यामागं कामं लय असतात. वाढ तू."

तिने तिसऱ्या ताटातला बांगडा परत तव्यावर ठेवला आणि ताट उचललं. धुतलेल्या ताटाचा ओला गोल तेवढा जमिनीवर उरला. आनंदा त्याच्या शेजारी जेवायला बसला.