माझी डावी बाजू, माझी उजवी बाजू

माझ्या चाकाला आतल्या अंगाने एक कड आहे. ती रुळाच्या आत उतरते आणि मला रुळावर धरून ठेवते. तिची उंची नऊ दशांश मिलिमीटर भरते. तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर साधारण तेवढीच जाडी होईल. मित्रांनो, ही कड सव्वा मिलिमीटर असती, तर मी मुलांच्या हातात सुखाने धावले असते. सहा दशांश असती, तर मोठ्यांच्या नाजूक रुळांवर शोभले असते. नऊ दशांश मात्र कोणालाच नको होती.

मी एक जुने, तळहाताएवढे इंजिन आहे. खेळण्यातले की हुबेहूब नमुन्याचे, हे मला विचारू नका. ते ठरायचे होते. ते ठरण्याची वाट बघण्यातच माझे बहुतेक आयुष्य गेले.

माझा जन्म एका दुमजली कारखान्यात झाला. खालच्या मजल्यावर एक यंत्र होते. ते प्लास्टिकचे दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबायचे आणि पस्तीस सेकंदांनी साचा उघडला की इंजिनाचे कवच बाहेर पडायचे. वरच्या मजल्यावर चाके बसत, मोटार बसत, रंग होई. मी त्या साच्यातले पहिले निर्दोष इंजिन. म्हणून मालकांनी मला उलटे करून माझ्या पोटावर तांबड्या रंगाचा एक ठिपका दिला. ठिपका म्हणजे मान्यता. यापुढचे प्रत्येक इंजिन माझ्याशेजारी ठेवून तपासायचे आणि काही बदल करायचा झाला तर तो आधी माझ्यावर करून बघायचा, असा तिथला नियम होता. मला विकायचे नव्हते. काचेच्या कपाटात माझी जागा होती.

माझा साचा कोरला होता साचेवाल्या काकांनी. कारखान्यात सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांचे काम उलट्या जगातले. माझ्या अंगावर जो उंचवटा, तो साच्यात खड्डा. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचा एक ठिपका म्हणजे पोलादात सुईच्या टोकाएवढी खोलगट जागा. कोरणी केसभर खोल गेली तर ती जागा पुन्हा भरून येत नाही. काका भिंग डोळ्याला लावत, श्वास रोखत आणि मगच कोरणी टेकवत. एका साच्याला आठ महिने लागत.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. माझी कड सव्वा मिलिमीटरची होती, डबे जोडायचा मागचा आकडा बोटात धरता येईल एवढा मोठा होता. माझी हजारो भावंडे खोक्यांत बसून घरोघर गेली. मुलांनी त्यांना पलंगाखाली पळवले, जिन्यावरून पाडले, आणि ती पुन्हा धावली.

मग ती मुले मोठी झाली. त्यांतली काही परत आली, पण भिंगे घेऊन. त्यांतल्या एकांचे नावच कारखान्यात भिंगवाले पडले. ते दारातूनच मला मागायचे, तळहातावर घ्यायचे आणि मोजायला लागायचे.

"छतावर रिव्हेट चौदा आहेत," ते म्हणायचे. "खऱ्या इंजिनाला पंधरा असतात."

"पंधरावा पडला असेल हो कुठेतरी वाटेत," मालकांचा मुलगा म्हणायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. विक्रीचे तोच बघायचा.

"पडला नाही, तुम्ही केलाच नाही. आणि ही चाकं! बैलगाडीला शोभतील."

मालकांची मोठी मुलगी, ताई, हे सगळे वहीत टिपून घ्यायची. ती भौतिकशास्त्र शिकून आली होती आणि केसाची जाडीही मोजणारा व्हर्नियर तिच्या खिशात पेनसारखा असायचा. झोपेत चुकूनसुद्धा तिने कधी काही "अंदाजे" म्हटले नसेल. भिंगवाल्यांचे म्हणणे तिला पटायचे. भाऊला मात्र खेळण्यांच्या दुकानांतली गिऱ्हाइके दिसायची. दोघे मालकांसमोर भांडले. मालक शांतपणे म्हणाले, "दोघांनाही आवडेल असं करा ना."

या एका वाक्याने माझी चाके लेथवर चढली आणि नऊ दशांशाची होऊन खाली आली. आकडाही मधलाच झाला, मुलांच्या बोटांना लहान आणि मोठ्यांच्या डोळ्यांना बोजड. पुढच्या वर्षी खोकी दोन्हीकडून परत आली. मुलांच्या वळणांवर इंजिने घसरत होती. मोठ्यांच्या बुटक्या रुळांवर चाकांची कड खाली खिळ्यांना लागून खटखट वाजत होती. मालकांनी ती खोकी पाहिली, पण चूक दुरुस्त करायला ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्यामागे कारखाना दोघा भावंडांचा झाला आणि ते वाक्यही.

तेव्हा ताईने एक प्रयोग मांडला. "एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची," ती म्हणाली. माझी डावी बाजू खेळण्याचीच ठेवायची. चालकाने धरायची दांडी कवचातच ओतलेली, जाड, न तुटणारी. उजवी बाजू हुबेहूब करायची. तिकडे काकांनी ओतीव दांडी तासून काढली, केसाएवढी भोके पाडली आणि पितळेच्या तारेची खरी दांडी बसवली. रिव्हेट एकेक करून चिकटवले. छतावरचा पंधरावासुद्धा आला. टेबलावर मला मधोमध ठेवले. डावीकडे भाऊ बसला, उजवीकडे ताई. महिनाभर बघायचे, मग एक बाजू ठरवायची, काका तसा नवा साचा कोरतील, असे ठरले. दोन्ही करावे तर दोन साचे हवेत, दुसरे यंत्र हवे, आणि काका एकटेच. त्यांच्या हाताखाली कोणी दोन वर्षांवर टिकले नव्हते.

तो महिना नऊ वर्षे चालला.

दर शनिवारी दुपारी मला कपाटातून काढायचे काम काकांचे. ते मला तळहातावर घेऊन टेबलापर्यंत आणत, ठेवत आणि विचारत, "मग? कुठली बाजू?"

"ताईला विचारा," भाऊ म्हणायचा.

"भाऊला विचारा," ताई म्हणायची.

"तुम्ही दोघं एकमेकांना विचारलंत तर मला जरा बरं पडेल," काका म्हणायचे.

मग वाद व्हायचा. "ताई, तुझे रिव्हेट मोजायला गिऱ्हाईक भिंग घेऊन येत नाही गं!"

"येतं. परवाच आलं होतं."

"एक! आणि ते तीन तास बसून चार चहा पिऊन एक चाक घेऊन गेलं."

ताईला हसू यायचे, वाद मोडायचा आणि ठरवायचे राहून जायचे. खरे सांगायचे तर दोघेही भीत होते. डावी म्हटले तर ताईची इतक्या वर्षांची वही वाया जाणार. उजवी म्हटले तर भाऊने जोडलेली दुकाने तुटणार. एकमेकांचे मन मोडायचे नाही म्हणून ते मला पुन्हा कपाटात ठेवत.

एकदा भाऊची मुलगी चिमी सुट्टीच्या दिवशी कारखान्यात आली होती. तिने मला कपाटातून काढले आणि जमिनीवरच्या रुळांवर सोडले. कळ फिरवताच माझ्यात वीज आली. चार वर्षांनी मी धावत होते, मित्रांनो! सरळ रूळ संपला, वळण आले आणि नऊ दशांशाची कड रुळावरून निसटली. मी उजव्या कुशीवर आपटले. पितळी दांडी वाकली.

"आत्या, हे पडकं आहे," चिमी म्हणाली. "बाबांची दुकानातली जुनी असतात ना, ती पडत नाहीत. हे कशाला ठेवलंय?"

"ठरवायला," ताई म्हणाली.

"काय?"

 ताईने चिमट्याने दांडी सरळ केली. मोठ्यांसाठी केलेली बाजू मुलीच्या हातात एक वळणसुद्धा टिकली नव्हती. पण भिंगवाले महिन्याभराने आले आणि तीच दांडी पाहून त्यांचे डोळे भरून आले. "असं एक जरी करून दिलंत ना," ते म्हणाले, "तरी मी इतकी वर्षं तुम्हाला छळलं त्याचं चीज झालं." तेव्हा तेही खरे वाटले. मी दोन्ही कुशींनी खरे होते आणि म्हणून कशाच्याच उपयोगाचे नव्हते.

आता जे सांगणार आहे ते मला फार आधीपासून माहीत होते.

माझ्या मोटारीला अगदी कमी वीज दिली, तर मी पुढे जात नाही. जागच्या जागी थरथरते. पाचव्या वर्षी एका शनिवारी काकांनी मला तळहातावर घेतले, तेव्हा तसाच कंप मला जाणवला. वीज तर बंद होती. कंप त्यांच्या हाताचा होता. कपाटापासून टेबलापर्यंत सात पावले आहेत. त्या वर्षी कंप सातव्या पावलाला येई. पुढच्या वर्षी चौथ्या पावलापासून. नंतर त्यांनी मला दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. भाऊला वाटले, काका नमुन्याला किती जपतात! ताईने व्हर्नियरने माझी प्रत्येक कड मोजली होती, पण काकांचा हात तिने कधी हातात घेतला नव्हता.

दर शनिवारी काका तेच विचारत होते. "मग? कुठली बाजू?" त्यांच्या आवाजातली घाई सगळ्यांना विनोद वाटायची. ती घाई का आहे, हे खोलीत फक्त मला ठाऊक होते. मी ओरडून सांगायला हवे होते. पण मी इंजिन. दुसऱ्याने कळ फिरवल्याशिवाय मी एक मिलिमीटरही सरकलेले नाही. मी टेबलाच्या मधोमध उभे राहिले आणि दोघे माझ्या एकेका बाजूकडे बघत राहिले.

म्हणून मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. वस्तू जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा, ते तर कराच. पण ज्यांच्या हातांवर तुमचे काम चालते, त्यांचे हात अधूनमधून आपल्या हातात घेऊन बघत जा. आम्हाला जे कळते ते आम्ही बोलू शकत नाही, आणि ज्यांना बोलता येते ते संकोचाने बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात जुना साचा इंजिनाच्या धुराड्याच्या खाचेपाशी तडकला. प्रत्येक कवचावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा येऊ लागला. नवा साचा केल्याशिवाय यंत्र चालणार नव्हते. काकांनी सांगून टाकले होते की हा शेवटचा साचा करायचा आणि मग मुलीकडे राहायला जायचे.

शनिवारी मला टेबलावर ठेवले. पोलादाचा नवा ठोकळाही शेजारी होता, गुळगुळीत, अजून काहीच नसलेला. काकांनी विचारले, "मग? कुठली बाजू?"

"ताईला..." भाऊ म्हणाला आणि थांबला. त्याने मला उचलले, उजवी बाजू ताईकडे फिरवली. "उजवी करा, काका. चौदा दुकानं आहेत, त्यांतली दहा जातील. जाऊ देत. हिची वही भरलीय, हिला एकदा तरी करू द्या."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "खरंच म्हणतोस?"

"नाहीतर काय, थट्टा? पंधराचे पंधरा रिव्हेट कर. आणि पहिलं इंजिन त्या भिंगवाल्यांना दे, म्हणजे माझा चहा वाचेल."

ताई हसली. किती वर्षांनी तशी हसली! तिने वही उघडली, पहिल्या पानापासून. "काका, कडेपासून सुरुवात करू. सहा दशांश. मग रिव्हेट..."

 काकांनी उजवा हात पुढे केला आणि पोलादाच्या ठोकळ्यावर, बोटे पसरून, अधांतरी धरला.  बोटांची सावली ठोकळ्यावर पडली होती आणि ती स्थिर राहत नव्हती.

"जाड काम जमेल," काका म्हणाले. "बारीक आता माझ्याच्यानं होणार नाही, ताई."

"कधीपासून?"

"झाली की चार वर्षं."

"बोलला नाहीत, काका!" भाऊ म्हणाला.

"विचारत तर होतो दर शनिवारी."

ताईने वही मिटली. मग पुढे होऊन तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कंप थांबावा म्हणून धरून ठेवला. तो थांबला नाही. बारीक साचा बाहेरच्या यंत्रावर कापून घेणे कारखान्याला परवडणारे नव्हते, हे तिघांनाही माहीत होते. मी मध्ये उभे होते. माझी उजवी बाजू अजून तिच्याकडे होती, पितळेची तार उजेडात चमकत होती. भाऊला ती बघवेना म्हणून त्याने मला हळूच फिरवून डावी बाजू तिच्याकडे केली.

"काका," ताई म्हणाली, "डावी बाजू करा. कड सव्वा मिलिमीटर, आकडा मोठा, दांडी ओतीव. आपण खेळणी बनवतो."